मोबाइलमधलं लायसन्स चालतं, पण गॅलरीतला फोटो नाही!

बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या नाक्यावर पोलिसांनी गाडी अडवली की अनेक जण मोबाइल काढून लायसन्सचा फोटो दाखवतात. तरीही पावती फाटते आणि वाद सुरू होतो, "मोबाइलवर चालतं ना?" चालतं, पण कुठलं ते माहीत असायला हवं.

कोणतं ग्राह्य?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये सर्व राज्यांना कळवलं, की डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधलं लायसन्स आणि आरसी मूळ कागदाइतकीच ग्राह्य धरावी. कारण ती थेट सरकारी नोंदीतून येते. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो किंवा झेरॉक्सचा स्कॅन यात बसत नाही. डिजिलॉकरमध्येही आपण स्वतः 'अपलोड' केलेला फोटो चालत नाही. 'इश्यूड' विभागात आलेलं लायसन्सच दाखवा.

ॲपमध्ये कसं आणायचं?

डिजिलॉकर उघडा, आधारच्या ओटीपीने खातं सुरू करा, 'ड्रायव्हिंग लायसन्स' शोधून नंबर टाका. आधार आणि लायसन्सवरचं नाव जुळत नसेल तर अडचण येते. जुनं पुस्तकाचं लायसन्स असेल आणि ते ऑनलाइन सापडत नसेल, तर मूळ पुस्तक घेऊन आरटीओत जा आणि बॅकलॉग एन्ट्रीबद्दल विचारा.

कार्ड खिशात, तरी लायसन्स निलंबित

खरी मेख इथेच आहे. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांनुसार अपात्र ठरलेल्या किंवा रद्द झालेल्या लायसन्सची नोंद पोर्टलवर होते. कारवाईत लायसन्स जप्त करायचं झालं तरी कार्ड हातात घ्यावंच लागतं असं नाही. ई-चलानच्या मशीनवरून ती नोंद होऊ शकते. विनाहेल्मेट गाडी चालवल्यास कायद्यात दंडासोबत ३ महिने अपात्रतेचीही तरतूद आहे. त्यामुळे कार्ड खिशात असूनही रेकॉर्डवर लायसन्स बंद असू शकतं.

लायसन्स नसताना गाडी चालवली तर कायद्यात ५,००० रुपये दंड आहे. अपात्र असताना चालवली तर १०,००० रुपये दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. एखादी कारवाई झाली असेल तर एम-परिवहनवर लायसन्सची स्थिती आधी बघून घ्या, मगच किक मारा.

चलनाच्या नावाने फसवणूक

"तुमच्या गाडीवर चलन आहे" असा मेसेज आणि सोबत एपीके फाइल आली तर ती अजिबात उघडू नका. त्यातून मोबाइलचा ताबा जातो आणि बँक खातं रिकामं होऊ शकतं. खरं चलन बघायचं तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान वेबसाइटवर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे ४ आकडे टाका. सरकारी वेबसाइटचा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन'ने संपतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

एवढं लक्षात ठेवा

लायसन्स आजच ॲपमध्ये आणून ठेवा. नाक्यावर रेंज शोधत बसू नका. मूळ कार्डही जवळ असू द्या. बॅटरी संपली तर दाखवायला हाताशी काहीतरी हवंच.