पडद्यावरचं रान – ६ : एका माशाचे दोन वाटे

मागच्या भागात एकट्याने रानात राहणाऱ्या स्पर्धकांबद्दल लिहिलं, तेव्हा एक प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवला होता. सोबतीला कुणी असेल, तर तग धरणं सोपं जातं का? आणि ती सोबत संसारातल्या जोडीदाराचीच असेल तर? 'अलोन' या अमेरिकी मालिकेने चौथ्या पर्वात हे करून पाहिलं. माझ्या मते त्या मालिकेचं सर्वांत शिकवून जाणारं पर्व हेच.

जून २०१७ मध्ये ते हिस्टरी वाहिनीवर सुरू झालं. जागा होती कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या व्हँकुव्हर बेटाचं उत्तर टोक. चौदा माणसं, सात जोड्या. नवरा-बायकोची जोडी एकच, ब्रूक आणि डेव्ह व्हिपल; बाकीचे भाऊ-भाऊ किंवा बापलेक. प्रत्येक जोडीला मिळून दहा वस्तू न्यायची मुभा होती. सर्वांत जास्त दिवस टिकेल त्या जोडीला पाच लाख डॉलर. दोघांपैकी एकानेही सॅटेलाइट फोनवरून 'मला न्या' असं कळवलं, की दुसऱ्यालाही निघावं लागणार, असा नियम होता. या नियमाकडे नंतर येऊ, कारण जोडप्याची खरी परीक्षा तिथे आहे.

नवरा-बायकोला रानात सोडण्याची कल्पना नवी नव्हती. डिस्कव्हरीवर २०१० मध्ये 'मॅन, वुमन, वाइल्ड' आली होती. तिच्यात अमेरिकी लष्कराच्या विशेष दलात काम केलेला मायकेल हॉक आणि त्याची पत्नी, ब्रिटिश टीव्ही पत्रकार रूथ इंग्लंड, असे दोघे होते. तो जाणकार, ती शिकणारी. चित्रीकरण करणारी माणसं सोबत आणि मुक्काम मोजक्या दिवसांचा. २०१३ च्या 'नेकेड अँड अफ्रेड'मध्ये स्त्री-पुरुषाची जोडी होती, पण एकमेकांना अनोळखी, आणि मुदत एकवीस दिवसांची. मुदत ठाऊक असली की माणूस दिवस मोजत काढतो. 'अलोन'मध्ये मुदत नाही, छायाचित्रकार नाही, आणि बाकीचे किती जण अजून टिकून आहेत याचा पत्ताही लागत नाही. उपाशी पोटाला शेवट कधी हेच माहीत नसतं.

सुरुवातीलाच ताटातूट होती. जोडीतल्या एकाला मुक्कामाच्या जागी उतरवलं आणि दुसऱ्याला तिथून सुमारे सोळा किलोमीटरवर. हातात होकायंत्र आणि कुठल्या दिशेने जायचं तेवढा आकडा. सोळा किलोमीटर सपाट रस्त्यावर सकाळच्या वेळात होतात. इथे कोसळलेली, शेवाळलेली झाडं एकमेकांवर रचून पडलेली असतात, मधल्या जागेत सलाल नावाच्या झुडपाची डोक्याएवढी दाटी, आणि पायाखाली जमीन आहे की कुजलेलं खोड हे पाय टाकल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे हे अंतर तासांनी मोजायचं राहत नाही, दिवसांनी मोजावं लागतं. काही जोड्या तर भेट होण्याआधीच संपल्या. घोटा दुखावला, पाठ गेली, की वाट तिथेच थांबते. मुक्कामावर बसलेल्याला यातलं काही कळत नाही. आपलं माणूस दरीत पडलंय की उद्या पोहोचतंय, हे ठाऊक नसताना आडोसा उभारायचा, आग पेटवायची आणि त्याच्या वाट्याचं काम अंगावर घ्यायचं.

आग पेटवायची म्हटलं, पण ओलाव्यामुळे तेच कठीण. व्हँकुव्हर बेटावरच्या हेंडरसन तलावाच्या परिसरात वर्षाला सरासरी सहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कॅनडात इतका दुसरीकडे नाही. आकडा आपल्या आंबोलीच्या जवळपासचा आहे. फरक ऋतूचा. आंबोलीचा पाऊस उन्हाळ्याच्या पाठोपाठ येतो, भिजलं तरी हवेत ऊब असते. तिथला मोठा पाऊस शरद आणि हिवाळ्यातला, शून्याच्या थोडं वर असलेल्या हवेतला. अंग गारठून माणूस दगावायला बर्फ लागत नाही. पाच अंश तापमान, ओले कपडे आणि वारा एवढं पुरे होतं. ओलं कापड अंगाची ऊब कोरड्या कापडापेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेतं, आणि ती ऊब पुन्हा तयार करायला शरीराला इंधन लागतं. म्हणजे पाऊसही अप्रत्यक्षपणे पोटातलंच खातो.

जोडीचा फायदा इथे नीट पाहायला हवा. आडोसा एकच उभारायचा असतो, मग माणूस एक असो की दोन. आग एकच, लाकडं जवळपास तेवढीच, पाणी उकळायचं भांडं एकच. एक झोपला तर दुसरा आगीकडे बघतो. रात्री दोन अंगांची ऊब एकत्र राहते. या बेटावर काळी अस्वलं आहेत, लांडगे आहेत, कूगर फार मोठ्या संख्येने आहेत; काळोखात शेजारी माणूस असण्याचं मोल कुठल्याही हत्याराहून मोठं. पण हा सगळा हिशेब पोटापाशी आला की उलटतो. आडोसा वाटून घेता येतो, मासा वाटला की अर्धा होतो.

थोडं गणित करू. थंडीत, कष्ट करणाऱ्या दोन माणसांना मिळून दिवसाला साडेचार हजार कॅलरी तरी लागतील, आणि हा अंदाज हात राखून केलेला आहे. चरबी नसलेल्या पांढऱ्या माशाच्या शंभर ग्रॅम मांसात नव्वदच्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे काटे-डोकं सोडून रोज पाच किलो मासा, एकही दिवस न चुकता. एका किनाऱ्याच्या तुकड्यावर दोघं जण दुप्पट मेहनत करू शकतात, पण तेवढ्याने मासे दुप्पट होत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत जवळचे खडक रिकामे होतात, मग लांब जावं लागतं, आणि लांब जाण्याची किंमत पुन्हा कॅलरीतच मोजायची. त्यात कॅमेरा स्वतःच सांभाळायचा. आपण चालतोय हे दाखवायचं तर आधी पुढे जाऊन कॅमेरा ठेवायचा, मागे यायचं, चालत त्याच्यासमोरून जायचं आणि परत येऊन तो उचलायचा. प्रेक्षकाला दिसणारं दहा पावलांचं चालणं स्पर्धकाच्या पायांना कितीतरी जास्त पडतं. मी ही मालिका पाहताना हे कधीच विसरू शकत नाही.

आता वाटणी. निम्मं-निम्मं म्हणजे समान, असं आपण धरतो. शरीर तसं धरत नाही. मोठ्या देहाच्या पुरुषाला नुसतं पडून राहायलाही जास्त इंधन लागतं, आणि बाईच्या अंगात चरबीचा साठा तुलनेने अधिक असतो. सारखे वाटे केले तर पुरुष आधी झडतो. आधी कळ लागलेल्याला मोठा तुकडा दिला तर दुसऱ्याचे दिवस कमी होतात. घरात बाईने मागून जेवायचं आणि उरलेलं खायचं ही रीत आपण पिढ्यान्‌पिढ्या चालवली, आणि तिला प्रेम म्हटलं. रानात तसं प्रेम परवडत नाही. तिथे एकाने गुपचूप कमी खाल्लं, तर ते गुपित आठवड्याभरात दोघांनाही बाहेर काढू शकतं. म्हणून तुला किती भूक आहे, तुला चक्कर येतेय का, हे खरं सांगणं ही तिथली पहिली जबाबदारी असते. संसारातलं अवघड बोलणं तेच.

किनाऱ्यावर शिंपल्यांची रेलचेल दिसते, मग ही माणसं उपाशी का राहतात, असं वाटू शकतं. काळ्या कवचाच्या शिणाण्यांसारखे जीव पाणी गाळून खातात, आणि पाण्यात विषारी सूक्ष्म शैवाल वाढलं की ते विष त्यांच्या मांसात साठतं. उकळून ते जात नाही. स्नायू लुळे पडतात, श्वास थांबतो. १७९३ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हरच्या सर्वेक्षण मोहिमेतला एक खलाशी याच प्रांताच्या मुख्य भूमीवरच्या किनाऱ्याला शिणाणे खाऊन मेला. त्या जागेचं नाव तेव्हापासून 'पॉयझन कोव्ह' आहे. खडकाला टोपीसारखे चिकटलेले छोटे शंखजीव त्या मानाने सुरक्षित, पण ओंजळभर सोलले तरी पोटात काही पडल्यासारखं वाटत नाही.

आणि पोट भरलं तरी प्रश्न सुटत नाही. नुसत्या चरबीविरहित मांसावर माणूस जगू शकत नाही. शरीर प्रथिनांपासून एका मर्यादेपर्यंतच ऊर्जा काढू शकतं; त्यापलीकडे यकृताला झेपत नाही, मळमळ आणि जुलाब सुरू होतात, आणि खात असूनही माणूस खंगत जातो. उत्तरेकडच्या शिकाऱ्यांना हे जुनं ठाऊक आहे, सशांच्या मांसावर राहणाऱ्यांची अशी गत होते म्हणून. रानात सोन्यासारखी जपायची गोष्ट म्हणजे चरबी.

या बेटाच्या मूळ रहिवाशांना हे उत्तम समजलं होतं. उत्तर भागातले क्वाक्वाकावाक्व आणि पश्चिम किनाऱ्यावरचे नू-चा-नुल्थ लोक इथे हजारो वर्षं राहत आले. त्यांनी देवदाराच्या फळ्यांची मोठी घरं बांधली, एका खोडातून होड्या कोरल्या, सॅमन वर चढायच्या दिवसांत तो पकडून, धुरी देऊन हिवाळ्यासाठी साठवला. यूलाकॉन नावाच्या लहानशा माशाचं तूप ते काढत. हा मासा इतका तेलकट की वाळवून वात लावली तर मेणबत्तीसारखा जळतो. त्या तुपाचा व्यापार ज्या वाटांनी चाले, त्यांना आजही तुपाच्या वाटा म्हणतात. टीव्हीवाले ज्याला निर्दय रान म्हणतात, ते कुणाचं तरी भरलेलं घर होतं. पण त्या घरात कुणी दोघांनी राहत नव्हतं. सबंध गाव राबायचं, आणि साठवण उन्हाळ्यापासून सुरू व्हायची. जोडप्याला पावसाळी थंडीच्या तोंडावर रिकाम्या हाताने उतरवलं, आणि ते टिकले नाहीत, तर त्यांच्या कष्टात कसूर होती असं म्हणता येत नाही. ज्या व्यवस्थेवर तिथलं जगणं उभं होतं, तीच त्यांच्याकडे नाही.

मग हळूहळू भूक मनात शिरते. हे समजून घ्यायला मालिकेपेक्षा जुना एक प्रयोग उपयोगी पडतो. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ यांनी, युद्धाला नैतिक नकार देणाऱ्या ३६ तरुणांना त्यांच्या संमतीने चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. दिवसाला साधारण १,५७० कॅलरी, आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. त्यांचं वजन सुमारे चौथ्या हिश्शाने घटलं. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली. त्यांच्या बोलण्यात, स्वप्नांत अन्नच यायचं. कित्येक जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. चिडचिड वाढली, हसणं थांबलं, माणसं एकेकटी राहू लागली, आणि प्रेयसीबद्दलची ओढही ओसरली.

हे शेवटचं वाक्य नवरा-बायकोच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे. शरीर काटकसर करायला लागलं की आधी कापतं ते जिव्हाळ्यातलंच. पडद्यावर जोडपं आगीपाशी गप्प बसलेलं दिसतं, एखाद्या क्षुल्लक गोष्टीवरून आवाज चढतो, आणि प्रेक्षक यांचं काही बिनसलंय असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. बिनसलेलं असतं ते रक्तातल्या साखरेचं. हे माहीत असलेलं जोडपं त्या चिडण्याला उत्तर देत नाही, पाणी उकळायला ठेवतं. माझ्या दृष्टीने आग पेटवण्याइतकंच हेही शिकण्याजोगं कौशल्य आहे.

आता तो नियम. एकट्या स्पर्धकाला फोन उचलायचा की नाही, हे फक्त स्वतःशी ठरवायचं असतं. जोडीत प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचाही शेवट असतो. मला जमत नाही असं म्हणणं म्हणजे तुझं स्वप्न मी मोडतो असं म्हणणं, आणि या भीतीपोटी माणूस दुखणं लपवत राहतो. उलट्या बाजूने, समोरच्याचे खोल गेलेले डोळे आणि उघडी पडलेली बरगडी रोज बघायची, आणि तरी 'अजून थोडं' म्हणायचं, हेही सोपं नाही. स्वतःची भूक माणूस सोसतो, आपल्या माणसाची भूक बघणं वेगळं. मालिकेचे डॉक्टर मधूनमधून येऊन वजन आणि रक्तदाब बघतात. तिसऱ्या पर्वात पॅटागोनियात एका तरुणीचा बीएमआय १७ च्या खाली गेला, तेव्हा तिला ८६ व्या दिवशी सक्तीने बाहेर काढलं. तिची स्वतःची राहायची तयारी होती. देह किती गेलाय हे देह असणाऱ्यालाच कळत नाही, म्हणून हा निर्णय बाहेरच्याने घ्यावा लागतो. जोडप्यात तो बाहेरचा डोळा जोडीदाराचा असू शकतो, मात्र त्याचंही पोट तितकंच रिकामं असतं.

ब्रूक आणि डेव्ह ४९ व्या दिवशी निघाले. सात जोड्यांत तिसरा क्रमांक. त्यांच्या पुढे ७४ दिवस राहिलेले बापलेक होते, आणि ७५ दिवस काढून जिंकलेले जिम आणि टेड बेअर्ड हे भाऊ. यावरून नवरा-बायकोपेक्षा भाऊ बरे, असं काही सिद्ध होत नाही. एकाच जोडप्यावरून असा नियम काढणं चुकीचं ठरेल. किनाऱ्याचा तुकडा कुणाच्या वाट्याला कसा आला, पाय कुणाचा मुरगळला, जाळ्यात कधी काय आलं, यावर बरंच अवलंबून असतं.

बाहेर आल्यावरही लगेच जेवणावर तुटून पडता येत नाही. उपाशी शरीराला एकदम पिष्टमय अन्न मिळालं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट पेशींमध्ये खेचलं जातं, आणि हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांत अशा मृत्यूंनी डॉक्टरांना हे शिकवलं. त्यामुळे बाहेर आलेल्याला थोडं थोडं, डॉक्टरांच्या नजरेखाली खायला द्यावं लागतं.

पुढच्या वर्षी, २०१८ च्या पाचव्या पर्वात, आधी हरलेल्या स्पर्धकांना पुन्हा संधी मिळाली, आणि ब्रूक परतली. या वेळी एकटी, उत्तर मंगोलियात, समुद्रापासून शेकडो कोस दूर. ती २८ दिवस राहिली. त्या गवताळ, कोरड्या थंडीच्या प्रदेशात भूक आणि एकटेपणा कसे वेगळे वागतात, ते पुढच्या आठवड्यात.