चढणीचे मासे आणि बंधाऱ्याचे बरगे

उन्हाळ्याच्या सुट्टीत कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर गेलात, तर पायऱ्यांवरून उड्या मारणारी पोरं दिसतील. त्यांना पोहायला मिळणारं पाणी बरंचसं राधानगरी धरणातून सोडलेलं आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घालून अडवलेलं असतं. पण हेच पाणी साचून राहिलं, त्यात सांडपाणी मिसळलं, की प्राणवायू घटतो आणि मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात. मरळ तग धरते, कारण ती वर येऊन हवा घेते. वाहत्या पाण्यातल्या महसीरला ते जमत नाही.

पहिल्या पावसाचं गढूळ पाणी आलं की मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात. तोवर बरगे निघाले नाहीत, तर वाट बंद! वरून मोठं पाणी येईल म्हणावं, तर राधानगरीचे ७ स्वयंचलित दरवाजे धरण भरल्यावरच उघडतात, एकेकातून १४२८ क्युसेक. तेव्हा चढणीचे दिवस बहुतेक सरलेले असतात.

माझ्या मते उन्हाळ्यातलं पाणी एकदम न सोडता थोडं थोडं, सलग सोडावं. नदी वाहती राहील आणि पोहणाऱ्यांना अचानक वाढलेल्या पाण्याचा धोकाही नाही. आणि मंडळी, चढणीच्या दिवसांत ओढ्याच्या तोंडाशी जाळं लावू नका.