फॉलोअर्स नंतर, आधी गिऱ्हाईकाचा नंबर!

आजचा एपिसोड छोटा आहे, पण घरचं दुकान असेल तर शेवटपर्यंत ऐका.

जोतिबाच्या डोंगरावरचं गुलाल-खोबऱ्याचं एखादं दुकान डोळ्यांसमोर आणा. गर्दी कधी? रविवारी, खेट्यांना आणि चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला. गिऱ्हाईक येतं, पैसे देतं, 'चांगभलं' म्हणतं आणि डोंगर उतरतं. ते कुठलं, परत कधी येणार, दुकानदाराला काहीच माहीत नसतं. 2020 ला कोरोनामुळे चैत्र यात्रा रद्द झाली. ज्याच्याकडे एकही नंबर नव्हता, त्यानं फोन करायचा तरी कुणाला?

म्हणून आधी व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, फुकट आहे. कॅटलॉगमध्ये फोटो आणि भाव टाका. क्यूआर कोड छापून काउंटरवर आणि पिशवीवर लावा.

आता खरी गोम ऐका. ब्रॉडकास्ट मेसेज फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. स्टेटस दिसायलाही दोघांकडे एकमेकांचा नंबर लागतो. त्यामुळे नुसता कोड लावून भागत नाही. 'दादा, नंबर सेव्ह करा, यात्रेआधी भाव कळवतो,' हे तोंडानं सांगावंच लागतं. स्टेटस 24 तासच टिकतं, तेव्हा रविवारचं स्टेटस शनिवारी संध्याकाळी टाका. आणि रोज मेसेज नको, लोक ब्लॉक करतात.

रील जरूर करा. रील अनोळखी माणसाला दुकान दाखवते, पण आलेलं गिऱ्हाईक परत आणतो तो नंबर.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. चांगभलं!