पाचटाचे कल्चर घरी जपताना



ऊस तुटून गेला की फडात एकरी तीन-चार टन पाचट उरते. ते पेटवू नका, असे आम्ही दरवर्षी सांगतो आणि आता पुष्कळ सभासद ऐकतातही. पाचट सरीत दाबायचे, वर कल्चर मारायचे आणि खोडवा धरायचा, ही रीत बसत चालली आहे. अडचण येते ती कल्चरच्या पिंपाशी. पहिले पिंप झकास होते, तिसऱ्या-चौथ्याला नुसती घाण सुटते आणि पाचट जसेच्या तसे राहते.

गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राने काढलेले वेस्ट डिकंपोजर आपल्याकडे बहुतेकांनी वापरलेले आहे. २०० लिटर पाणी, २ किलो गूळ आणि एक बाटली. पाच-सहा दिवसांत तयार. त्यातले २० लिटर राखून पुन्हा गूळ-पाणी घातले की दुसरे पिंप. म्हणजे हे विरजणच झाले. विरजण घरातली बाई जपते तसे पिंप कोणी जपत नाही, इथेच सगळे बिनसते.

शहरात हल्ली कोंबुचा नावाचे आंबट पेय घरी करतात. गोड चहात जिवंत साय सोडायची. यीस्ट साखरेची दारू करते आणि ॲसिटोबॅक्टरच्या जातीचे जिवाणू त्या दारूचे आम्ल करतात. आपण उसाच्या बेण्याला लावतो त्या ॲसिटोबॅक्टरच्याच भावकीतले हे जिवाणू. ते लोक नव्या चहात सायीबरोबर जुना आंबट चहाही थोडा ओततात, कारण आंबटपणात बुरशी लवकर धरत नाही. आपणही २० लिटर राखायचे ते तेवढ्याचसाठी. तांब्याभर राखून भागत नाही. आपल्या जिवाणूंचा जोर कमी असला की पाण्यातले, हवेतले भलतेच जीव आधी गुळावर ताव मारतात.

पिंप प्लॅस्टिकचे घ्यावे, लोखंडी नको. तणनाशकाचे किंवा कीटकनाशकाचे रिकामे पिंप कितीही धुतले तरी वापरू नये. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते आणि ती जंतू मारण्यासाठीच असते. तिला आपले-परके कळत नाही. असे पाणी रात्रभर उघडे ठेवून मगच वापरावे. पिंप झाडाखाली किंवा गोठ्याच्या आडोशाला ठेवावे. आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो. काळे पिंप उन्हात राहिले तर आतले पाणी कल्चरला सोसत नाही. थंडीत दोन दिवस जास्त लागतात, घाई करू नये.

तोंडाला फडके बांधावे, झाकण घट्ट लावू नये. सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळावे. या कामाचा कंटाळा फार जण करतात, पण हवा मिळाली नाही की पिंप नासते. वास ताकासारखा किंवा आंबलेल्या गुळासारखा असला तर ठीक. गटाराचा किंवा सडक्या अंड्याचा वास आला, तर त्यात आणखी गूळ घालून पैसे वाया घालवू नका. ओतून द्या, पिंप धुवा, नवी बाटली आणा. चांगले चालले असले तरी तीन-चार वेळा वाढवल्यावर नवी बाटली घ्यावी, असे माझे मत आहे. एका बाटलीवर जन्मभर भागते असे सांगणारेही भेटतात. चार पिंपांनंतर आत मूळचे काय राहिले, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

ॲसिटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू मात्र गूळ-पाण्यात घरी वाढवू नयेत. ते प्रयोगशाळेतले ताजेच आणावेत.

तयार कल्चर आठवड्याच्या आत वापरावे. एकरी २०० लिटर, संध्याकाळी, ओल्या पाचटावर. ठिबकमधून सोडायचे असेल तर दोनदा गाळून घ्या, नाहीतर ड्रिपर तुंबतात. बुडख्यांवर बुरशीनाशक मारले असेल तर मध्ये आठवडा जाऊ द्यावा. आधीच्या बाबतीत कल्चरकडे कोणी बोट दाखवते, पण बऱ्याचदा चूक दुसरीच असते: पाचटात कर्ब भरपूर, नत्र थोडे, त्यामुळे जिवाणूंना खुराक अपुरा पडतो. म्हणून टनाला ८ किलो युरिया आणि १० किलो सुपर फॉस्फेट पाचटावर टाकून मगच कल्चर मारावे आणि पाणी द्यावे. युरिया पिंपात मिसळू नये. चाळीस दिवसांत पाचटाची माती होते असे ऐकाल. उसाचे पाचट चिवट असते, ओल तुटली की काम तिथेच थांबते.

पिंपातले पाणी पिण्याचे नाही, लेकरांना व जनावरांना तिकडे फिरकू देऊ नका. बाटली घेताना वरची मुदत पाहून घ्यावी आणि घरी उन्हात, खताच्या पोत्यांशेजारी ठेवू नये.

– ऊस विकास अधिकारी