सहा फोटॉनची दीर्घिका

सप्तर्षींच्या पतंगाला जी शेपटी आहे, तिच्या टोकाचे दोन तारे म्हणजे वसिष्ठ आणि मरीचि. वसिष्ठाला अरुंधतीची सोबत असल्यामुळे तो पटकन ओळखू येतो. या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर ईशान्येकडे एक समभुज त्रिकोण कल्पिला, तर त्याच्या तिसऱ्या टोकाशी मेसियर १०१ ही सर्पिल दीर्घिका येते. पिएर मेशँ यांनी ती १७८१ मध्ये शोधली. अंतर सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षं, व्यास अंदाजे १ लाख ७० हजार प्रकाशवर्षं, आणि आकाशात तिचा पसारा जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा. एवढं असूनही लहान दुर्बिणीला डोळा लावणारा नवखा माणूस बहुतेक वेळा विचारतो, "कुठे आहे?"

यादीत तिची प्रत ७.९ दिलेली असते. या प्रतीचा तारा साध्या द्विनेत्रीतूनही दिसतो, म्हणूनच हा आकडा फसवा आहे. ताऱ्याचा सगळा प्रकाश एका बिंदूतून येतो. दीर्घिकेचा तेवढाच प्रकाश चंद्रबिंबाएवढ्या क्षेत्रावर विखुरलेला असतो. मधला गाभा सोडला तर तिच्या भुजा रात्रीच्या आकाशाच्या स्वतःच्या उजेडापेक्षाही मंद आहेत. शहरातलं तर सोडाच. मुंबई-पुण्यापासून दोन-तीन तासांवर, सह्याद्रीच्या आडोशाला, जिथे आकाशगंगेचा पट्टा छान दिसतो तिथेही हीच गत.

मग हौशी छायाचित्रकारांच्या चित्रांत या भुजा निळ्या, लाल ठिपक्यांसकट कशा उमटतात? ते रंग नंतर संगणकावर भरलेले असतात का? हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर थोड्या आकडेमोडीत आहे.

समजा, ८० मिलिमीटर व्यासाची आणि ५०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण आहे. तिला जोडलेल्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आकाशाचा साधारण दीड विकला रुंद तुकडा पाहतो. अंशाचे ३,६०० भाग केले की एक विकला. मेसियर १०१च्या बाहेरच्या भुजेतून तेवढ्या तुकड्यामागे, हिरव्या रंगाच्या पट्ट्यात, ढोबळमानाने दर अर्ध्या मिनिटाला एक फोटॉन येतो. तीन मिनिटांच्या एका छायाचित्रात सहा. त्याच तीन मिनिटांत, त्याच पिक्सेलवर, बऱ्यापैकी काळोख्या आकाशाच्या उजेडाचे नव्वदेक फोटॉन पडतात. हे नव्वद वजा करून मोकळं होता आलं असतं तर काम सोपं होतं. पण फोटॉन घड्याळ लावून येत नाहीत. सरासरी ९६ असेल तर प्रत्यक्षात कधी ८६ येतात, कधी १०६. हा चढउतार संख्येच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे इथे दहाच्या आसपास असतो. सहाची खूण दहाच्या चढउतारात बुडालेली, म्हणून एकट्या छायाचित्रात ती भुजा दिसतच नाही.

आता अशी शंभर छायाचित्रं घेऊन त्यांची बेरीज करा. दीर्घिकेचे फोटॉन ६०० झाले. एकूण झाले ९,६००, आणि त्यांचं वर्गमूळ ९८. आता खूण चढउताराच्या सहापट मोठी आहे. माझ्या मते या छंदातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे: जे एका क्षणी कोणत्याही मार्गाने दिसू शकत नाही, ते पाच तासांच्या बेरजेत निःसंशय असतं. पण किंमतही याच गणितात आहे. सहापटीचं बारापट करायचं तर वेळ दुप्पट नव्हे, चौपट लागतो. म्हणजे वीस तास, अर्थात अमावस्येच्या आसपासच्या कितीतरी रात्री. बेरीज करताना आणखी एक फायदा होतो. एखाद्याच छायाचित्रात आलेली उपग्रहाची रेघ बाकीच्या नव्व्याण्णवांशी जुळत नाही आणि सॉफ्टवेअर ती वगळून टाकतं.

तीन मिनिटं दुर्बीण स्थिर ठेवून भागत नाही. आकाशाच्या त्या भागातले तारे सेकंदाला जवळजवळ नऊ विकला सरकतात, म्हणजे सहा पिक्सेल. त्यांचा पाठलाग करणाऱ्या इक्वेटोरियल माउंटचा अक्ष ध्रुवाकडे नेमका रोखावा लागतो. महाराष्ट्रातून ध्रुवतारा क्षितिजाच्या वर जेमतेम १६ ते २२ अंशांवर असतो. उत्तरेला एखादा डोंगर किंवा आंब्याचं झाड आलं की तो गेला. म्हणून जागा निवडताना आधी उत्तर मोकळी आहे का ते पाहतात. एप्रिल-मे हा या दीर्घिकेचा हंगाम. मध्यरात्रीच्या सुमारास ती उत्तरेला ५५ अंशांच्या आसपास चढलेली असते, पण डोंगरातल्या वणव्यांचा धूरही याच दिवसांतला.

पहाटे उजाडू लागलं की सगळ्यांना सामान आवरायची घाई होते. खरं तर त्याच वेळी एक अत्यावश्यक काम उरलेलं असतं. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणून बसवायचा, चुण्या राहू द्यायच्या नाहीत, फोकसला हात लावायचा नाही आणि फिकट आकाशाची काही छायाचित्रं घ्यायची. त्यांत सगळीकडे सारखा करडा उजेड असायला हवा. प्रत्यक्षात कोपरे काळवंडलेले दिसतात आणि मधे मधे धुळीच्या कणांच्या गोल, पुसट सावल्या दिसतात. रात्रीच्या छायाचित्रांना या छायाचित्राने भागलं की ते दोष निघून जातात. दीर्घिकेचा वाटा एकूण उजेडाच्या सहा टक्के. एखाद्या धूलिकणाने पाच टक्के प्रकाश अडवला असेल, तर त्या जागेवरची भुजा जवळजवळ पुसलीच गेली. झाकण लावून, तेवढ्याच तापमानाला आणि तेवढ्याच वेळेची घेतलेली काळी छायाचित्रंही लागतात. त्यांतून सेन्सरच्या उष्णतेने तयार झालेले खोटे ठिपके वजा होतात.

शेवटी येतं ते 'स्ट्रेचिंग', म्हणजे अंधाऱ्या छटांमधला बारीक फरक डोळ्याला दिसेल एवढा वाढवणं. इथेच संशयाला जागा आहे, आणि इथेच सीमारेषाही स्पष्ट आहे. सगळ्या चित्राला एकच नियम लावून फरक वाढवणं प्रामाणिक आहे. नोंदलेलंच नाही असं बारीक नक्षीकाम एखाद्या सॉफ्टवेअरकडून भरून घेणं प्रामाणिक नाही, मग चित्र कितीही देखणं होवो.

नीट काम झालं की जे दिसतं ते खरोखर तिथे असतं. गाभा पिवळसर, कारण तिथे जुने तारे जास्त. भुजा निळ्या, कारण त्या तरुण, तप्त ताऱ्यांनी भरलेल्या. लाल ठिपके म्हणजे तारे जन्माला घालणारे हायड्रोजनचे ढग. त्यांतले काही एवढे प्रचंड आहेत की त्यांना एनजीसी ५४६१, एनजीसी ५४७१ असे स्वतंत्र क्रमांक मिळाले आहेत. दीर्घिका एका बाजूला कललेली वाटते, तीही छायाचित्रणातली चूक नव्हे. एनजीसी ५४७४सारख्या शेजारी दीर्घिकांच्या ओढाताणीचा तो परिणाम मानला जातो.

ही रीत व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांनीही उचलली. पीटर व्हॅन डोकुम आणि रॉबर्टो अब्राहम यांनी बाजारात मिळणाऱ्या कॅननच्या आठ ४०० मिलिमीटर लेन्स एकत्र बांधून 'ड्रॅगनफ्लाय' उभी केली, आणि २०१४ मध्ये तिच्यातून याच मेसियर १०१च्या अवतीभवती आधी कुणी न पाहिलेल्या सात फिकट दीर्घिका सापडल्या.

१९ मे २०२३. शुक्रवार, वैशाख अमावस्या. भारतात रात्रीचे अकरा वाजत होते तेव्हा जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना या दीर्घिकेच्या एका भुजेवर नवा तारा दिसला. एका महाकाय लाल ताऱ्याचा स्फोट झाला होता. त्याचं नाव पडलं एसएन २०२३आयएक्सएफ. पुढच्या दिवसांत लडाखमधल्या हानलेच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीने आणि भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहानेही तो टिपला. पण स्फोटाचे पहिले तास कुणाकडे होते? अमावस्येच्या काळोखामुळे जगभर अनेक हौशी छायाचित्रकारांच्या दुर्बिणी आधीपासून याच दीर्घिकेवर रोखलेल्या होत्या. बातमी कळल्यावर त्यांनी आपल्या साठवलेल्या, वेळेची नोंद असलेल्या मूळ फाइली उघडल्या, आणि काहींच्या आदल्या रात्रीच्या छायाचित्रांत तो तारा होता. संशोधकांनी ती छायाचित्रं मोजली. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलेल्या अभ्यासानुसार पहिल्या काही तासांतच त्या स्फोटाचा रंग झपाट्याने निळसर होत गेला होता. धूळ प्रकाशाला तांबूस करते आणि स्फोटाच्या उजेडात ती नाहीशी होत गेली, म्हणजे तारा फुटताना त्याच्याभोवती धुळीचं दाट वेष्टण होतं.