जुना संगणक, नवी प्रणाली आणि ग्राफिक्स कार्डाचा मेळ

वैद्यकीय व्यवसायात संगणक कधी आला आणि कधी टेबलावरचा कायमचा सहकारी होऊन बसला, हे आपल्यापैकी अनेकांना नेमके सांगता येणार नाही. आज केसपेपर, पावत्या, पॅथॉलॉजीचे अहवाल, सोनोग्राफीच्या प्रतिमा, सारे त्याच्याच पोटात असते. परदेशीपुऱ्यात माझा दवाखाना आहे. इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्स हाकेच्या अंतरावर असले, तरी आमच्या भागातील दवाखान्यांत दहा-बारा वर्षांचे संगणक अजून इमानाने राबत आहेत. अशा व्यवसायबंधूंचा हल्ली एकच प्रश्न असतो, ‘नवी विंडोज घालून घ्यावी काय?’

प्रश्न रास्त आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. सुरक्षेची डागडुजी थांबलेली प्रणाली रुग्णांच्या नोंदींसाठी धोक्याची असते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या घातक प्रोग्रामने इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांचे काम ठप्प केले. त्यावरचा उपाय मार्चमध्येच उपलब्ध झाला होता. तो ज्या यंत्रांवर बसवला गेला नव्हता, ती बळी पडली.

मात्र नवी प्रणाली जुन्या यंत्रावर घालताना पहिली अडचण बहुधा पडद्यावर दिसते. ग्राफिक्स कार्ड आणि प्रणाली यांच्यामध्ये ‘ड्रायव्हर’ नावाचा एक दुभाषी असतो. कार्ड धडधाकट असूनही नव्या प्रणालीची भाषा जाणणारा दुभाषी उत्पादकाने तयार केलाच नाही, तर दोघांचा संवाद तुटतो. रक्त देण्यापूर्वी आपण क्रॉसमॅचिंग करतो; येथेही दाता आणि ग्राही स्वतंत्रपणे निरोगी असून भागत नाही.

याचे गाजलेले उदाहरण २००७ मधील विंडोज व्हिस्टाचे. ‘व्हिस्टासाठी सक्षम’ असे लेबल लावून विकलेल्या अनेक संगणकांत इंटेलची ९१५ ही चित्रचिप होती. व्हिस्टाचा नवा पारदर्शक देखावा तिला पेलवला नाही, कारण त्यासाठी लागणारा नव्या पद्धतीचा ड्रायव्हर तिच्यासाठी आलाच नाही. प्रकरण अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेले. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या एका उपाध्यक्षांचा महागडा लॅपटॉप केवळ ई-मेलपुरता उरल्याची त्यांची तक्रार त्या खटल्यातून उजेडात आली.

विंडोज ११ ला डायरेक्टएक्स १२ जाणणारे ग्राफिक्स आणि डब्ल्यूडीडीएम २.० पद्धतीचा ड्रायव्हर लागतो. त्याखेरीज टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, सिक्युअर बूटची क्षमता आणि मान्यताप्राप्त यादीतील प्रोसेसर हवा. इंटेलच्या बाबतीत सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणून केवळ नवे कार्ड विकत घेऊन जुना संगणक पात्र ठरत नाही. उलट, सिक्युअर बूटसाठी जुनी बूट-पद्धत बंद केली आणि जुन्या कार्डाच्या फर्मवेअरला नवी यूईएफआय पद्धत अवगत नसली, तर सुरुवातीला पडदा काळाच राहू शकतो.

योग्य ड्रायव्हर न मिळाल्यास विंडोज स्वतःचा प्राथमिक ड्रायव्हर वापरते. पावती लिहिण्यास तो पुरतो. परंतु रिझोल्यूशन पडद्याशी जुळत नाही, चित्र आडवे ताणले जाते, दुसरा पडदा बहुधा चालत नाही. प्रतिमेच्या फाइलमध्ये नोंदलेली मापे यामुळे बदलत नाहीत, हे खरे. पण छातीच्या एक्स-रेवर हृदयाचा आकार नजरेने जोखणाऱ्या डॉक्टरची फसगत होऊ शकते.

आणखी एक बाब सोनोग्राफी यंत्राला जोडलेल्या कॅप्चर कार्डाची. विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपात येते. ज्या कार्डाचा ड्रायव्हर ३२-बिटच आहे, ते तेथे निरुपयोगी ठरते.

यास्तव माझी विनंती अशी की, प्रणाली बदलण्यापूर्वी कार्डाचे नेमके मॉडेल डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहून लिहून घ्यावे आणि उत्पादकाच्या अधिकृत यादीत नव्या प्रणालीचा ड्रायव्हर आहे का, हे तपासावे. वैद्यकीय यंत्र जोडलेले असल्यास त्याच्या कंपनीची लेखी संमती घ्यावी. सर्व नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती उघडते, याचीही खात्री करावी. बदलानंतर पडद्यावर एक वर्तुळ काढून पट्टीने उभे-आडवे मोजावे. एसएमपीटीई चाचणी-आकृतीत काळ्यातील ५ टक्क्यांचा आणि पांढऱ्यातील ९५ टक्क्यांचा चौकोन वेगळा दिसला पाहिजे. दिसला नाही, तर त्या पडद्यावर एक्स-रे वाचू नयेत.

पात्र न ठरणारा संगणक भंगारात देण्याची घाई मात्र नको. लिनक्सच्या गाभ्यातच इंटेल आणि एएमडीच्या अनेक जुन्या चिपांचे ड्रायव्हर असतात. नोंदी आणि पत्रव्यवहारासाठी असे यंत्र आणखी काही वर्षे उत्तम चालते. एनव्हीडियाच्या जुन्या कार्डांना तेथे गती कमी मिळते, एवढे ध्यानात ठेवावे. जुन्या विंडोजवरच चालणारे वैद्यकीय यंत्र असेल, तर त्याचा संगणक इंटरनेटपासून अलग ठेवावा.

हे सारे करण्यास शनिवारची सायंकाळ निवडावी. काही बिनसले तर दुरुस्तीसाठी रविवार हाताशी राहतो आणि सोमवारी सकाळी ओपीडीत आलेल्या रुग्णाला ताटकळावे लागत नाही.