मोडलेले शिक्षण आणि परिचारिकेची वाट

‘शिकायचे वय निघून गेले’ हे वाक्य आपल्याकडे बहुधा स्त्रियांनाच ऐकावे लागते. लवकर लग्न, मुले, शेतातली कामे यांत शाळा सुटते. आणि घरातला कर्ता पुरुष गेला की मिळवून आणण्याची वेळ तिच्यावरच येते. अशा स्त्रीने काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच दिले आहे. ते म्हणजे परिचर्या.

रमाबाई रानडे यांचे स्वतःचे शिक्षण लग्नानंतर सुरू झाले. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली निवर्तले. पुढे १९०९ साली रमाबाई व गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. प्रौढ स्त्रियांना तेथे आधी लिहावाचायला शिकवीत, राहण्याची सोय करीत आणि ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळवून देत. परक्याची शुश्रूषा करणे पांढरपेशा घरांत तेव्हा हलके मानले जाई. म्हणून संस्थेचा आधार मोलाचा होता.

या शिक्षणाचे नियम १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय परिचर्या परिषद ठरवत आली आहे. ए.एन.एम. अभ्यासक्रम २ वर्षांचा, तर जी.एन.एम. ३ वर्षांचा. दोन्हींसाठी बारावी उत्तीर्ण व्हावे लागते, आणि कला शाखेची बारावीही चालते. जी.एन.एम.साठी इंग्रजी हवे व किमान ४० टक्के गुण हवेत. शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते.

खरी अडचण वयाची आहे. प्रवेशाची मर्यादा १७ ते ३५ वर्षे. दहावी झालेल्या स्त्रीने बत्तिसाव्या वर्षी मनावर घेतले, तर बारावी करून ती वेळेत पोहोचते. दहावीही नसेल, तर तिशीच्या आतच निश्चय हवा. ए.एन.एम. झाल्यावर जी.एन.एम.साठी मात्र वयाची आडकाठी राहत नाही. म्हणून पहिली पायरी वेळेत गाठणे महत्त्वाचे. छत्तिसाव्या वर्षी विधवा झालेल्या बाईला हे दार बंदच आहे. बाळंतपणे आणि म्हाताऱ्यांची दुखणी काढलेल्या बाईबाबत या नियमाचा फेरविचार व्हायला नको काय?

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले आहोत. घरी गेल्यावर वहिनीला, मावशीला तिचे वय आणि सुटलेली इयत्ता विचारा. फॉर्म भरून देणे व बारावीचे इंग्रजी शिकवणे आपल्याला सहज जमेल. तिच्या हाती वर्षे मोजकीच आहेत.